खांद्यावरची चार बोटं

प्रिय टिल्लू,

रविवार, चार ऑगस्ट, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. तेल कंपनीच्या शंभर वर्षांच्या जाहिरातींचं प्रदर्शन उघडलं, जनसंपर्क अधिकारी म्हणून तू माईक घेतलास आणि सांगितलंस, की भिंतभर फोटोत माशांच्या टाकीपाशी एकटी उभी आहे ती तुझी मावशी, म्हणजे मी. एकटी! तेव्हापासून मी घरात येरझारा घालते आहे. संतापले आहे, पण खरं सांगू? सत्तरी उलटल्यावर इतकं तरतरीत कधी वाटलं नव्हतं.

प्रदर्शन झकास मांडलंस हं. रॉकेलच्या डब्यावरची हसरी बाई, पेट्रोल भरलं की फुकट मिळणारे रस्त्यांचे नकाशे, शाळांतून वाटलेली रंगवायची पुस्तकं, मग आमचे मासे आणि शेवटी तुमचं ते हिरवं पान. तेल विकायला पान! शंभर वर्षांत तेलाचा एक थेंब दिसू दिला नाही, हीसुद्धा कलाच म्हणायची.

मासे माझ्या खात्यातले. पाहुण्यांना कारखाना दाखवायचा आणि शेवटी फाटकाजवळच्या काचेच्या टाकीपाशी आणायचं, हे माझं काम. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मासे बघा कसे सुखात आहेत, हे मी कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत असं म्हणायचे, की लोक टाळ्या वाजवायचे. मला ते खरंच वाटायचं. तुझी आई तिथेच प्रयोगशाळेत पाणी तपासायची. ‘तू बोलायला लागलीस की मासेसुद्धा फसतात,’ असं ती मला म्हणायची. मला वाटायचं, ताई थट्टा करते.

फोटोच्या दिवशी वार्ताहर आले होते. आम्हा दोघींचा फोटो निघाला आणि ताईनं शांतपणे सांगून टाकलं, की टाकीत पिण्याच्या नळाचं पाणी आहे. कारखान्याच्या नाल्यातल्या पाण्यात हे मासे दुपारसुद्धा बघणार नाहीत. साहेबांचंच तोंड माशासारखं झालं, उघडं आणि बिनआवाजी. संध्याकाळी ताईची नोकरी गेली आणि पुढे फोटोतूनही ती गेली. वर्तमानपत्रांत ओळ आली नाही; कंपनीच्या जाहिराती मात्र पानभर. तुझ्या आजोबांनी सगळ्यांना बजावलं, लग्नासाठी नोकरी सोडली असंच सांगायचं. आपल्या घरचं जनसंपर्क खातं कंपनीच्या तोडीस तोड! मीही त्यात आजवर गप्प राहिले.

शाळेत सिस्टर रबर वापरू द्यायच्या नाहीत. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. कंपनीनं रबर वापरलं, पण घाईत.

तू तीन वर्षांची असताना ताई गेली. पुढे कितीतरी दिवस तू माझा हात उलटसुलट करून विचारायचीस, आईचे हात असेच होते का. आता भिंतीपाशी जा आणि माझा डावा खांदा बघ. तुला ती गणवेशाची घडी वाटली असेल. घडी नव्हे गं, चार बोटं आहेत. नखं आखूड, टोकं आम्लानं पिवळी पडलेली. फोटो मोठा करून तूच ती आपल्या हाताएवढी केलीस. त्यांच्याखाली पाटी लाव : हात कुणाचा आणि ती काय बोलली. नोकरीचा विचार मनात येईल, तो तिच्याही आला असेल. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं, तुझ्या अक्षरात. फोन करू नकोस. फोनवर तू फार गोड बोलतेस, आणि ते कुणाकडून उचललंस ते मला ठाऊक आहे.

तुझीच, अजूनही खणखणीत आवाजाची,
मावशी