पहिला फर्मा

प्रिय ठमे,

काल फोनवर तू म्हणालीस, त्या माणसाला मुदतीआधी सुटू द्यायचं नाही, म्हणजे नाही. मी विषय बदलला. तुला वाटलं, आई कबूल झाली. आई कसली कबूल होते! तुझ्याहून हट्टी आहे मी.

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात मध्यंतरी एक कादंबरी शिवायला आली. पहिला फर्मा, म्हणजे सुरुवातीची सोळा पानं, छापखान्यातच अडकला होता. बाकीचे आले होते. दुपारी डबा खाता खाता मी मधूनच वाचायला घेतलं. एक पोरगा लपत फिरतोय. नळाखाली शर्ट धुतोय, घास गिळवत नाही त्याला. घरी आई ताट झाकून बसलीय. केलंय काय त्यानं, कुणास ठाऊक! पण माझा जीव नुसता टांगणीला. दाराशी पोलीस आले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, पळ रे बाबा, मागच्या दारानं पळ. कारखान्याचे मास्तर हसले. म्हणाले, बाई, पुस्तक शिवायचं असतं, त्यात राहायला जायचं नसतं.

मग पहिला फर्मा आला. घड्या घालता घालता वाचला. दारू झोकून गाडी चालवत होता तो, आणि सायकलवरच्या एका मुलाला चिरडून पळाला होता.

हातातली घडी तशीच खाली ठेवली गं. आपला दादाही सायकलवरच होता. ज्यानं त्याला चिरडलं त्याला मी इतकी वर्षं तळतळाट दिले, कोर्टात त्याचं तोंडसुद्धा बघितलं नाही. आणि इथे तसल्याच एकाला पळ म्हणत होते! पोटच्या पोराशी बेइमानी केली असं वाटलं. पुस्तक परत उघडलं नाही, पण तो पोरगा काही जात नाही. नळाचा आवाज आला की वाटतं, शर्ट धुतोय. परवा जेवून उठले आणि बघते तर ओट्यावर एक ताट वाढून झाकलेलं. मीच झाकलं असणार. दादासाठी असतं तर रडू आलं असतं. रडू आलं नाही, भीती वाटली.

उद्या कोर्टात विचारतील, त्याला मुदतीआधी सोडायला हरकत आहे का. मी हरकत नाही म्हणणार आहे. माफ केलं म्हणून नव्हे, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. पण त्याची आई तिथे बसलेली असेल, आणि तिच्या घरचं झाकलेलं ताट आता मला दिसतं. तू माझ्याशी बोलणं टाकशील. टाक. फक्त एक कर. दादाचा फोटो तू तिकडे नेलास ना, त्याच्यासमोर बसून हे पत्र मोठ्यानं वाच. तो तुझं ऐकायचा. मला त्याला हे सांगायचा धीर होत नाही.

तुझीच,
आई