उत्तर क्रमांक चार

सर, परवा आपल्या शाळेत माझ्या मुलीला पाच प्रश्न विचारले, तिची चार उत्तरं चुकली, आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेलो आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडणारा आता बहुतेक मी एकटाच उरलो असेन. आज रविवार. दुकान बंद आहे, लाइटही नाही. उद्या सकाळी एक अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जायचा आहे. तो गेला की शाळेतल्या एका मॅडमनी सुरू केलेलं काम बंद पडणार. अर्ज माझ्या अक्षरातला आहे, खाली सात पालकांच्या सह्या आहेत. तो देण्याआधी तुमच्याशी बोलणं भाग आहे.

शाळा तुम्हाला आता ओळखू यायची नाही. रस्त्याकडच्या भिंतीवर पृथ्वीचा गोल रंगवलाय आणि खाली ‘आम्ही जगाचे नागरिक’ असं लिहिलंय. पेंटरला जागा पुरली नाही, त्यामुळं ऑस्ट्रेलिया अर्धा खिडकीत गेलाय. मी ते मुख्याध्यापकांना बोट लावून दाखवलं, तर म्हणाले, राहू द्या हो, कोण चाललंय तिकडं. असल्या उत्तराची मला चीड येते. मी पंपाच्या मोटारी वायंडिंग करतो. तार भरायच्या छत्तीस खाचांतली एक खाच मोकळी राहिली तर मोटार जळते, कोण चाललंय तिकडं म्हणून भागत नाही. तर या मॅडम दोन वर्षांपूर्वी आल्या. महिन्यातून एक तास त्या आठवीच्या पोरांना पडद्यावर व्हिएतनाममधल्या एका शाळेतल्या पोरांशी बोलायला लावतात. तिकडच्या पोरांचीही घरची भाषा इंग्रजी नाही, तीही आपल्यासारखीच अडखळतात, म्हणून तीच शाळा धरली असं मॅडमचं म्हणणं. परवा पालकांनाही बोलावलं होतं. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो, इस्त्रीचा शर्ट घालून.

पडद्यावर आखूड केसांची एक मुलगी होती. तिनं नाव विचारलं, माझ्या मुलीनं नाव सांगितलं. तिथवर ठीक. मग तिनं विचारलं, सकाळी काय खाल्लंस? माझी मुलगी म्हणाली, आय लिव्ह इन मराठवाडा. तिनं विचारलं, तिकडं आता ऊन आहे का? ही म्हणाली, आय स्टडी इन एट्थ क्लास. मग त्या पोरीनं हसून विचारलं, तुझ्या शेजारी कोण बसलंय? शेजारी मेंढरं राखणाऱ्या घरातली एक पोरगी बसली होती, दोन वेण्या घातलेली. माझी मुलगी ताठ मानेनं म्हणाली, माय फादर इज अ मोटार टेक्निशियन. अख्खी खोली हसली. पडद्यावरच्या पोरीला वाटलं आवाजच पोचत नाही. तिनं कानाला हात लावून विचारलं, मी ऐकू येतेय का? तर ही म्हणते, माय हॉबी इज ड्रॉइंग.

हे कुठून आलं ते मला जागच्या जागी कळलं. तुमच्याकडून आलं, सर. पत्र्याच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला तुम्ही छडी टेबलावर आडवी ठेवायचात आणि प्रश्न न वाचता नुसता आकडा म्हणायचात. तुम्ही ‘एक’ म्हणालात की आम्ही सगळे मिळून नाव सांगायचो. ‘चार’ म्हणालात की चाळीस पोरं ओरडायची, माय फादर इज अ फार्मर. ज्याचा बाप एसटीत ड्रायव्हर तोही फार्मर म्हणायचा. ज्याचा बाप त्याच साली वारला होता, तोही म्हणायचा. पहिल्या दिवशी त्याचा आवाज चिरकला, दुसऱ्या दिवसापासून नीट लागला. तुम्ही त्याला एकदाही थांबवलं नाहीत. मी एकदा उभा राहून विचारलं होतं, “सर, चारचा प्रश्न काय हाय?” तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. “प्रश्नाशी तुला काय करायचंय रे? उत्तर येतंय न्हवं? बस खाली, बॅरिस्टर.” दहावीपर्यंत मला वर्गात बॅरिस्टरच म्हणत. बोर्डाच्या पेपरात प्रश्नांचा क्रम वेगळा आला. मी ओळीनं पाच उत्तरं लिहिली, अक्षर सुंदर काढलं, आणि इंग्रजीत नापास झालो. शाळा तिथंच सुटली.

पुढचं इंग्रजी मी मोटारींच्या पाट्यांवरनं शिकलो, डिक्शनरी मांडीवर घेऊन. कुणी शिकवलं नाही, हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो. पण बोलायला शिकलो ते मुरुम गावातल्या एका डाळमिलमध्ये. डाळ निवडायचं परदेशी यंत्र बंद पडलं होतं आणि मालकानं तिकडच्या इंजिनिअरचा फोन माझ्या कानाला लावला. त्यानं विचारलं, तुला काय ऐकू येतंय? मी म्हणालो, यस सर. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा यस सर. तिसऱ्यांदा विचारून तो नुसता थांबला. डाळीच्या धुरळ्यात उभा राहून घाम पुसताना माझ्या डोक्यात आलं, की या माणसाला खरंच माहीत नाही. तो तिथं बसलाय, यंत्र इथं आहे, त्याला जे पाहिजे ते फक्त मलाच ठाऊक आहे. मग मी म्हणालो, मोटार गुड, बेअरिंग बॅड, टक टक, देन स्टॉप. तो म्हणाला, व्हेरी गुड. तेव्हा मी पस्तिशीचा होतो, सर. जगाशी बोलायचं म्हणजे आधी समोरचा काय विचारतोय ते ऐकायचं, एवढी गोष्ट कळायला मला पस्तीस वर्षं लागली, आणि त्यातली पाच तुमच्या वर्गात गेली. त्याचा राग कधी जाणार नाही.

आता परवाचं राहिलेलं सांगतो. माझ्या मुलीनंतर त्या दोन वेण्यांच्या पोरीला उभं केलं. तिलाही तेच विचारलं, सकाळी काय खाल्लंस? ती म्हणाली, व्हॉट? पुन्हा विचारलं. ती म्हणाली, स्लोली. पुन्हा विचारल्यावर तिला कळलं आणि ती म्हणाली, भाकरी. अँड मिल्क. शीप मिल्क नो, गोट मिल्क. पडद्यावरची पोरं एकदम पुढं सरकली. गोट किती, नावं आहेत का, चावतात का, सगळ्यांचे हात वर. तिनं हातानं शिंगं करून दाखवली. तास संपला तरी तिकडची पोरं उठेनात. तिचा बाप दाराबाहेर चप्पल काढून उभा होता. त्याला इंग्रजीतलं अक्षर येत नाही. तिला घरी कागद लिहून देणारं कुणी नव्हतं.

कागद माझ्या मुलीला होता. मी दिला होता. पाच ओळी, नंबर घालून, प्रत्येक शब्दावर मराठीत उच्चार लिहून. आठ दिवस रोज सकाळी मी तिला समोर उभी करायचो आणि म्हणायचो, एक. दोन. तीन. टेक्निशियन हा शब्द तिला सतरा वेळा म्हणायला लावला. मी आकडे म्हणत होतो, सर, आणि मला तुमची आठवणसुद्धा आली नाही.

काल शाळा समितीच्या बैठकीत मी यातलं काहीच सांगितलं नाही. मी म्हणालो, या मॅडम तयारी न करून घेता परदेशी लोकांपुढं आपल्या लेकरांची शोभा करतात. मॅडम हळूच म्हणाल्या, “मी पाठ करू नका असंच सांगितलं होतं. चुकलं तरी चालेल, फक्त ऐका म्हटलं होतं.” मी म्हणालो, “मग पोरगी काय झोपेत बोलली का?” लोक हसले. हसं मॅडमच्या बाजूला गेलं म्हणून मला बरं वाटलं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कागदाचं माहीत असावं, पण मुलीचं नाव त्यांनी घेतलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, लेखी द्या, बंद करू, डोक्याला ताप नको. अर्जाचा मसुदा मीच केला. शुद्धलेखनाची एक चूक नाही त्यात. घरी आलो तर मुलगी दप्तर आवरत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “पप्पा, कागद तर तुमीच दिलता की.” मी म्हणालो, “गप.” ती गप झाली, ती अजून माझ्याशी गपच आहे. त्या पडद्याच्या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही असं तिनं आईला सांगितलंय.

तुम्ही रिटायर झाल्यावर एकदा दुकानात आला होतात, शेतातली मोटार घेऊन. पितळी पाटीवर बोट ठेवून तुम्ही वाचलंत, ड्यूटी एस वन, आणि चष्मा वर करून मला विचारलंत, “मोटारीला कसली ड्यूटी असती रे?” बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी म्हणालो, “ते तुम्हाला न्हाय कळायचं, सर.” गिऱ्हाइकं हसली. तुम्ही मान हलवलीत आणि रिक्षात बसलात. पुढच्या उन्हाळ्यात गेलात. तुमच्या तोंडून मी ऐकलेला खरा प्रश्न तेवढा एकच, आणि मी त्याची शोभा केली. शिवाय त्या दिवशी त्याचं उत्तर मलाही येत नव्हतं. नंतर पुस्तकात शोधलं. न थांबता सतत चालायचं काम, असा त्याचा अर्थ. सांगायला आलो नाही. तुम्हालाही आयुष्यात इंग्रजीतून कुणी काही विचारलं नसणार, हे आज लक्षात येतंय. त्यानं तुमच्यावरचा राग कमी होत नाही, फक्त तो तुमच्यापाशीच थांबत नाही.

अर्ज मी देणार नाही, हे नक्की. ज्यांनी सह्या केल्या त्या सातही घरी जाऊन कागदाचं सांगावं लागेल, पण त्याआधी मॅडमकडं, आणि मुलीला सोबत घेऊन. मॅडमशी काय बोलायचं ते मी दुपारपासून तीनदा लिहून काढलं, मुद्द्यांना नंबर घातले आणि तिन्ही कागद फाडले. उद्या तसाच जाणार आहे. त्या काय विचारतील याचा अंदाज नाही. हे पत्र कुठंच जायचं नाही, म्हणून लिहायला हरकत नाही: मला भीती वाटतेय, सर.