सात नंबरला पाय नाही

२० फेब्रुवारी, गुरुवार

मॉरीनने हॅलिफॅक्सहून नाताळात पाठवलेला बोलका डबा 'फुकट' होता. आज हिशेब केला. त्याच्यासाठी इंटरनेटची नवी तार — महिना पंच्याऐंशी डॉलर. तार आत घ्यायला भिंतीला भोक. भोक पाडणाऱ्याला दोनदा चहा, एकदा जेवण. भोकातून आलेल्या वाऱ्याने बायकोचं, एफीचं, खिडकीतलं जिरेनियम मेलं. त्यावरून चार दिवस अबोला. लेकीने बापाला भेट दिली ती ही!

आणि डबा करतो काय? हवामान सांगतो. उणे अकरा. ते माझ्या नाकाला कळतं.

मला तो आवडत नाही. दिवसभर ऐकत बसलेला असतो. या घरात कान असायचे तर ते माझे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नव्या सभागृहाला रंग लागला. जुन्याचं छप्पर बर्फाच्या ओझ्याने बसलं त्याला दोन वर्षं झाली. आता २२ मार्चला उघडायचं. आत पहिली धून कुठली वाजणार, यासाठी गावच्या रेडिओवर स्पर्धा आहे. धून नवी हवी, गावातल्याच माणसाची हवी. जिंकेल त्याचं नाव दाराशी पाटीवर, कायमचं. रेकॉर्डिंगवर फक्त नंबर. नावांची बंद पाकिटं सेडी मॅकेकर्नच्या कपाटात. हे शहाणपणाचं केलं. नाहीतर इथे जो तो आपल्या चुलतभावाला मत देतो, आणि इथे सगळेच एकमेकांचे चुलतभाऊ.

परीक्षक तीन. सेडी, म्हातारा हेक्टर आणि मी. मी का, ते उघड आहे. गावात गिलिस अकरा, त्यात लॉखी गिलिस तीन. एक 'लॉखी लाल', एक 'लॉखी पूल', आणि मी 'लॉखी कान'. एक जॅक आणि उसने पाने घेऊन गॅरेज काढलं तेव्हापासूनचं नाव. वळणापलीकडची गाडी दिसायच्या आत तिचा कुठला पाइप फाटलाय ते सांगतो. फिडलचंही तेच. दोन ओळी वाजवा, गज कुणाच्या हातात आहे ते सांगतो. इथपासून थेट खाडीपर्यंत. आजवर चुकलो नाही!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

न्हाणीघरातलं जाड पायपुसणं गायब. सकाळी गार फरशीवर पाय पडला, कळ थेट टाळूपर्यंत गेली. एफी म्हणते, "धुवायला टाकलंय." गेल्या आठवड्यातही धुवायलाच होतं.

१ मार्च, शनिवार

समुद्रावरचा बर्फ किनाऱ्याला लागला. वारा पडला की लाद्या एकमेकींवर घासतात, म्हातारा दात खातो तसा आवाज.

ओवेनने आज पाच ते आठ नंबर लावले. ओवेन प्रुइट — टोरांटोहून आलेला पोरगेला माणूस, दीड वर्षं झालं. शनिवारचा गाण्याचा कार्यक्रम फुकट चालवतो. मला 'मिस्टर गिलिस' म्हणतो. अकरा जण वळून बघतात! माणूस नम्र आहे. फार नम्र. जानेवारीत त्याने कार्यक्रमात गंमत म्हणून एक धून लावली होती आणि शेवटी सांगितलं — ही कुणीच वाजवलेली नाही, यंत्राने रचली. लोक हसले. मी नाही हसलो.

आज सात नंबर लागला तेव्हा मी एका ट्रकखाली होतो. पाना हातातच राहिला. संथ सुरुवात, मग उसळी, आणि दुसऱ्या भागात एक वळण असं — कुणी दारापर्यंत येऊन परत फिरावं तसं. पुरती ऐकली. मग ध्यानात आलं : गज कुणाचा ते कळलं नाही. दोन ओळींत नाही, अख्ख्या धुनेत नाही.

असं होत नाही.

२ मार्च, रविवार

रेडिओवाल्यांकडून रेकॉर्डिंग मागवलं. चर्चहून आल्यावर नऊ वेळा ऐकलं. सापडलं!

सात नंबरला पाय नाही.

या केप ब्रेटन बेटावर जो फिडल घेतो तो पायाने ठेका धरतो. टाच, चवडा, टाच, चवडा. झोपेतसुद्धा. आमच्याकडे फरशा आधी झिजतात, तारा नंतर. इथे ठेक्याचा मागमूस नाही. मागे एक बारीक घूंऽऽ चालू आहे, आणि शेवटाला ती थांबताना टक-टक, दोनदा. यंत्राची घरघर, बटण बंद झाल्याचा आवाज. चोराने पावलं मागे ठेवली ती अशी.

एफीला ऐकवलं. ती कणीक मळत होती. "पाय नाही म्हणून माणूस नाही?" म्हणाली. मी म्हटलं, "तूच सांग, पायाशिवाय वाजवणारा एक दाखव." ती पिठाकडेच बघत होती. मग म्हणाली, "पण तुला आवडलं का?"

मी म्हटलं, आवडण्याचा प्रश्नच नाही.

४ मार्च, मंगळवार

उणे सोळा. डबा म्हणाला उणे चौदा.

६ मार्च, गुरुवार

परीक्षकांची बैठक, सेडीच्या स्वयंपाकघरात. काकवी लावलेली बिस्किटं, चहा. मी टक-टक ऐकवली. सेडी म्हणाली, "लॉखी, तू त्या पोराला खोटारडा म्हणतोयस. नीट विचार कर." मी म्हटलं, पोराला नाही, नंबराला.

हेक्टरचं वय सत्त्याऐंशी, दोन्ही कानांत यंत्रं. गावातल्या निम्म्या लोकांना फिडल त्याने शिकवलं. डोळे मिटून ऐकत होता. "हा हात मी कुठेतरी ऐकलाय रे बाळा. फार जुनी गोष्ट." मी विचारलं, "कुणाचा?" तो म्हणाला, "आठवलं असतं तर 'कुठेतरी' म्हणालो असतो का, गाढवा?"

कानांतली यंत्रं एकमेकांना ओळखत असतील!

निर्णय पुढे ढकलला. ढकलण्यात सेडी पटाईत.

८ मार्च, शनिवार

लोकांची मतं आली. सात नंबर पहिला. बाकीच्यांच्या दुप्पट मतं. म्हणजे यंत्राचं नाव आमच्या दारावर!

दुकानात रांगेत ओवेन माझ्यापुढे होता. सरळ विचारलं, सात नंबर तू केलास का? लाल झाला. "नाही, मिस्टर गिलिस. मला असं जमलं असतं तर मी इथे मुळा कशाला विकत घेत उभा असतो?" लोक हसले. मीही हसलो, आणि तोंडातून निघून गेलं, "बघा हं, ओवेन बटण म्हणतोय ते खरं धरायचं की नाही!"

दुपारपर्यंत गावभर झालं. ओवेन बटण.

आमच्याकडे टोपणनाव मिळालं की माणूस गावचा झाला म्हणतात. पण मिळालेलं नाव परत घेता येत नाही. लॉखी पूलचा आजा पुलावरून एकदाच पडला होता, दारू पिऊन. नातवाने दारूला शिवलेलंही नाही. तरी पूल तो पूलच.

११ मार्च, मंगळवार

कॉम्प्रेसर बिघडला म्हणून गॅरेज लवकर बंद केलं. घरात पाय टाकतो तोच डबा बोलला — "साडेचार. आवरून घे." कुणाला सांगतोय? काय आवरायचं? एफी तळघराच्या जिन्यातून वर आली, गाल लाल. "कपडे वाळत घातलेत, आठवणीला लावून ठेवलंय." म्हटलं, कपडे घड्याळ लावून वाळतात हे नवीन ऐकतोय.

डब्यावर नजर ठेवायला हवी. मी नसताना तो एफीशी काय बोलतो कोण जाणे.

१३ मार्च, गुरुवार

दुसरी बैठक. सात नंबर बाद! हेक्टर विरुद्ध होता. सेडी आधी विरुद्ध होती, मग मी म्हटलं, "उद्या पाटीवर नाव लागलं आणि परवा टोरांटोच्या पेपरात आलं की केप ब्रेटनची माणसं यंत्राच्या तालावर नाचली, तर उत्तर तू द्यायचं." मग तिने माझ्या बाजूने हात वर केला.

हेक्टर म्हणाला, "निदान पाकीट फोड. नाव बघ." मी म्हटलं, बाद झालेल्याचं पाकीट फोडत नाहीत. नियम म्हणजे नियम. नियम मीच लिहिलाय.

घरी येऊन एफीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." इतकंच. जेवताना म्हणाली, "त्या पोराचं काय?" म्हटलं, त्याचं त्याने बघावं. मग एकदम म्हणाली, "तुला ते फाटक आठवतं?"

कुठलं फाटक? मग आठवलं. लग्नानंतरचा दुसरा हिवाळा, आमच्याच स्वयंपाकघरात तीसेक माणसं, एफी फिडल घेऊन उभी राहिली. लग्नाआधी ती वाजवायची. मी ओरडलो, "कुणीतरी त्या फाटकाला तेल घाला रे!" काय हशा पिकला! वर्षभर लोक मला भेटले की फाटकाची चौकशी करायचे. त्यानंतर तिने वाजवलं नाही. सोडलं ते तिनेच, मी कधी नको म्हटलं नाही.

आज हे कुठून आठवलं तिला?

१५ मार्च, शनिवार

ओवेनने कार्यक्रमाच्या शेवटी सांगितलं, हा माझा शेवटचा. आवाज साधा, रडका नाही. "मी सात नंबर केलेला नाही. पण ज्या गावात माझं नाव बटण आहे, तिथे मी लावलेलं कुठलं गाणं कुणाला खरं वाटेल? २१ तारखेला निघतो. सगळ्यांनी चहा पाजला, आभार." मग सात नंबर लावला, पूर्ण.

मी रेडिओ बंद करायला हात उचलला. बंद केला नाही, का ते ठाऊक नाही. दारापर्यंत येऊन परत फिरणारं ते वळण आलं, आणि कॉफी गार झाली.

अपराधी माणूस असा बोलत नाही. की असाच बोलतो?

१७ मार्च, सोमवार

संत पॅट्रिकचा सण. एफीला बरं नव्हतं, चर्चला गेली नाही. परत आलो तर स्वयंपाकघरात बसलेली, कोट घालून. "सेडीकडे जाऊन येते म्हटलं होतं. मग नाही गेले." विचारलं, काय काम होतं? म्हणाली, "होतं. आता राहू दे. नियम म्हणजे नियम."

पायपुसणं अजून नाही.

१९ मार्च, बुधवार

शीलाने झाडू मारला. पॅट्रिकच्या सणानंतरचं शेवटचं वादळ ते शीलाचं, तिने झाडल्याशिवाय वसंत येत नाही. या वर्षी झाडू नाही, फावडंच घेतलंय तिने! दुपारी वीज गेली. डबा मुका. काय शांतता!

२० मार्च, गुरुवार

वीज नाही. बर्फ खिडकीच्या वर. चुलीजवळ दोघं बसून. इतक्या शांततेत बसायची सवय मोडली आहे. एफी बोटांनी मांडीवर काहीतरी वाजवत होती. माझं लक्ष गेलं तशी थांबली.

विचारलं, "ओवेनचं वाईट वाटतं का तुला?" ती म्हणाली, "मला तुझं वाटतं." याचा अर्थ काय ते विचारणार होतो. तिने मेणबत्ती विझवली.

२१ मार्च, शुक्रवार

सव्वा दोनला वीज आली. फ्रीझरमधलं मूस हरणाचं मांस टिकलं का बघायला तळघरात उतरलो. तळघर म्हणजे एफीचं राज्य. मी वर्षातून दोनदा जातो. फ्रीझर सुरू झालं. घूंऽऽ. उभा राहिलो. मग ते थांबलं. टक-टक.

फ्रीझरसमोर खुर्ची. खुर्चीपुढे, पाय येतात तिथे, न्हाणीघरातलं जाड पायपुसणं.

सेडीला फोन केला. म्हटलं, सातचं पाकीट फोड, आत्ता. तिने फोडून वाचलं. धुनेचं नाव 'लॉखी गॅरेजात असताना'. वाजवणारी, एफी गिलिस.

ओवेनची गाडी बर्फातून मीच उकरून काढली. मग गाडीसमोर उभा राहिलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो राहील की नाही ते त्याने सांगितलं नाही. बटण हे नाव मला परत घेता येणार नाही, तेही त्याला ठाऊक आहे.

एफीशी अजून बोललो नाही. ती वर आहे.

गॅरेजच्या दारापासून तळघराची खिडकी अकरा पावलं. येताना मोजली.