निलेशने बसवलेला पंखा

विजयदुर्ग, २ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुगंधास, दाजीचा आशीर्वाद.

फोन केला असता तर तोंडाला लगाम राहिला नसता, म्हणून लिहितो. तुझ्या निलेशने माझ्या होडीचं वाटोळं केलं! मी इंजिनाला बारा पिचचा, म्हणजे जास्त पिळाच्या पात्यांचा पंखा मागितला. या शहाण्याने नऊचा बसवला. मला शिकवलं की, मामा, जाळी आणि चार माणसं ओढायची तर कमी पिचच हवं, नाहीतर इंजिनावर ताण येतो. मग परवा किल्ल्याच्या खडकांजवळ गिअरने कर्रकर्र करून जीव का सोडला? होडीत माझी लेक तन्वी होती. वल्ही मारून हाताची सालं निघाली.

धक्क्यावर सगळ्यांना सांगितलंय, त्या पोराकडे इंजिन देऊ नका. गिअर टेंपोने पाठवतो. शोकेसमध्ये ठेव.

तुझा भाऊ, पण सध्या नावापुरता,
दाजी

कुणकेश्वर, ८ सप्टेंबर २०२५

ती. दाजीस, शि. सा. न.

निलेशने माझ्यासमोर गिअर उघडला. तेलात खारं पाणी शिरून ते दुधाच्या चहासारखं झालं होतं. पंख्यामागे दांड्यावर दोरा गुंडाळलेला, त्यानेच पाणी अडवणारं सील कापलं. दोरा ओळखला मी. नारळी पौर्णिमेला तुला राखी बांधली आणि तुझ्या इंजिनासाठी हार दिला, तो मी तंगूसमध्ये, जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यात ओवला होता, तुटू नये म्हणून. माझी अक्कल तेव्हा कुठे गेली होती, देव जाणे.

पण हार संध्याकाळी काढून समुद्राला द्यायचा, ही रीत तुला ठाऊक नाही? तू तो पंख्यावरच ठेवून इंजिन चालू केलंस. फुलं उडाली आणि तू समजलास, समुद्राने हार घेतला. महिन्याला पंखा काढून दांड्याला ग्रीस लाव, हे निलेशने दहादा सांगितलं होतं. तू त्याला हसलास.

तुझ्या एका ओरडण्याने तीन होड्यांची कामं परत गेली. पोराने इंजिनदुरुस्तीची शेड बंद केली. येत्या सोमवारी तो गोव्याला नोकरीला जातोय. मला तुझा भयंकर राग आलाय, दाजी.

लोभ आहे, पण आज मागू नकोस.
सुगंधा

विजयदुर्ग, १२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुगंधास, आशीर्वाद, घेणार असशील तर.

तुझं पत्र फाडणार होतो. तन्वीने हातातून काढून घेतलं आणि मोठ्याने वाचलं.

आज मासळीच्या लिलावाला सगळे जमले तेव्हा धक्क्यावर उभा राहून सांगितलं की पोराची काय चूक नाय, चूक माजी आसा. शेजारचा होडीवाला भाई खो खो हसला. त्याच्या अंगावर जाणार होतो, पण पाठ फिरवून होडीकडे आलो. ओरडूनच तर हे सगळं झालं.

इथला मिस्त्री त्याच्याकडचा गिअर आजच बसवून देत होता. त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही. होडी वाळूवर ओढून ठेवलीय. बांगडा लागलाय, सगळे भरून येतायत, आणि मी किनाऱ्यावर बसून स्वतःला शिव्या घालतोय. निलेश येईपर्यंत होडी पाण्यात जाणार नाही, मग हंगाम गेला तरी चालेल.

पोस्टात चार दिवस जातील आणि सोमवारी तो निघून जाईल, म्हणून हे पत्र तन्वीच्या हाती पाठवतो. निलेशला म्हणावं, रागावलेलाच ये. पाहिजे ते बोल. मी ऐकून घेईन.

तुझा,
दाजी