एका रिंगचा निरोप

रविवार, ७ जून
आज काहीतरी बिनसलंय. दर रविवारी दादाचा फोन एकदा वाजून थांबतो. एक रिंग म्हणजे ‘इथे दक्षिण आफ्रिकेत, जोबर्गला, मी ठीक आहे’. उचलायचा नाही, त्याचे पैसे जातात. आज मात्र वाजतच राहिला! मी हात पुढे केला तर आईने चापट मारली.
“एवढी शाळा शिकलीस, इतकं कळत नाही? भावाला लुबाडतेस?”
शेजारचे न्यिरेंडा काका हसले. “सोनं सापडलं वाटतं तावोंगाला! थांबतच नाही पोरगा.”
आई संध्याकाळपर्यंत विहिरीवर सगळ्यांना सांगत होती, लेकाने आज किती वेळ वाजवला ते.
ठीक असलेला माणूस एवढा वेळ वाजवेल?

सोमवार, ८ जून
शाळेत मुलांना चुकीचं गणित घातलं. उचलला असता तर काय बिघडलं असतं!

बुधवार, १० जून
आई शेतावर गेल्यावर तिचा फोन पाहिला. चोरूनच. नंबर दक्षिण आफ्रिकेचा नाही — इथला आहे, मलावीचा! आईला आकडे वाचता येत नाहीत. रविवारी वाजला की तिच्यासाठी तो तावोंगाच. मग वाजवतंय कोण? दादा कुठे आहे?
टेकडीवर रेंज येते. तिथून माझ्या फोनवरून लावला. आधी गिरणीची घरघर, कुणीतरी आपल्याच तुंबुका भाषेत शिव्या देत होतं. मग दादा!
“तू? आईला सांगू नकोस. शपथ आहे तुला.”
ईस्टरच्या आधीच त्याला तिथून हाकलून दिलं. आता इथेच, म्झुझू शहराच्या बाजारात, मक्याच्या गिरणीवर पोती उचलतोय.
“जोबर्गहून रिकाम्या हातांनी आलेल्याला गाव काय म्हणतं, माहीत नाही का?”
मी विचारलं, रविवारी एवढा वेळ का वाजवलास?
“वाटलं, उचलेल कुणीतरी. नंतर वाटलं, बरं झालं नाही उचलला.”

शुक्रवार, १२ जून
मक्याच्या पिठाची नसिमा ताटात तशीच राहते. आई म्हणते, “तुला झालंय तरी काय?” तिच्याकडे बघवत नाही. शपथ मोडू? की रोज तिच्यासमोर बसून खोटं जेवू?

शनिवार, १३ जून
सांगितलं. आई मका कांडत होती. मुसळ थांबलं नाही. कांडता कांडता एवढंच विचारलं —
“गिरणी कुठली?”

रविवार, १४ जून
एक रिंग. थांबला.
मी उचलला नाही. माझा आवाज ऐकला की त्याला कळेल, आणि पळेल. आई फोन घरीच ठेवून पहाटेच म्झुझूला निघाली आहे — पिकअपच्या मागे, पोत्यांवर बसून, मांडीवर पाय बांधलेली कोंबडी.