कुत्रं आडवं आलं नव्हतं

कोल्हापूर

तीर्थस्वरूप गणपतमामा यांना क्रांतीचा सादर नमस्कार.

(आईवडिलांना तीर्थरूप आणि इतर मोठ्यांना तीर्थस्वरूप, हे वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, मला शाळेत घालायच्या आधीच घरी शिकवलं होतं. तुम्हाला नक्की काय लावावं, यावर मात्र मी बराच वेळ घालवला.) आपण, मामी व घरची मंडळी खुशाल असाल. आपल्या गाडीचा फुटलेला दिवाही बदलून झाला असेल. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत, असं पुढे लिहायची पद्धत आहे. पण सयाजीदादाच्या मांडीत सळई घातलेली असताना तसं लिहिणं खोटं होईल, आणि आपल्या दोन्ही घरांनी मिळून सध्या पुरेसं खोटं बोलून ठेवलं आहे.

तुम्ही फोन उचलत नाही, व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात पण उत्तर येत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. आपली ओळख अजून ताजी आहे, हे मी विसरलेले नाही. दादा ॲपवरून रिक्षा चालवतो. त्या दिवशी शिरोली एमआयडीसीत एक प्रवासी उतरवून तो पुढचं भाडं घ्यायला निघाला होता, आणि तुम्ही लांबून वळून यायचा कंटाळा केल्यामुळे उलट्या बाजूने येत होतात. धडक बसेपर्यंत तुम्ही दोघं एकमेकांचे कुणीच नव्हतात. दुसऱ्या गावात अशा वेळी माणसं आधी भांडतात आणि मग पोलिसांना फोन करतात. आपल्याकडे रस्त्यावर पडलेल्यालाही आधी विचारतात, पावणं, गाव कंचं? दादाने कण्हत कण्हत आजोळ सांगितलं, तुम्ही तिथल्या भाऊबंदांची नावं घेतली, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तुम्ही आईचे लांबचे चुलतभाऊ निघालात. (आईला हे नातं अजून नीट जुळवता आलेलं नाही, पण आलेल्या भावाला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती गप्प आहे.) मग तुम्ही दादाच्या कानाशी वाकून म्हणालात, "घरातलाच हाईस की रं. केस घातलीस तर माझा नो क्लेम बोनस जातोय." (वर्षभर विम्याचा दावा केला नाही की हप्त्यात मिळते ती सूट, हे मला नंतर कळलं.)

दादाने दवाखान्यात पोलिसांना जबाब दिला की कुत्रं आडवं आलं आणि रिक्षा उलटली. इथवरही मी समजून घेतलं असतं. पण माझ्या भावाला खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे ते नीट व्हावं म्हणून त्याने फार कष्ट घेतले. हवालदारांनी सहज विचारलं, कसलं कुत्रं, तर याने पांढरं, एक कान काळा आणि शेपटी वाकडी, असं सगळं वर्णन दिलं. त्या रस्त्यावर असं एकच कुत्रं आहे आणि ते पंक्चरवाल्या गुंडूचं आहे.

आता विम्याचं ऐका. ॲपवाल्यांचा अपघात विमा प्रवासी बसल्यापासून उतरेपर्यंतच लागू असतो. दादाचा एक प्रवासी उतरला होता आणि दुसरा बसायचा होता. मधल्या वेळात तो कोण होता, असं मी फोनवर विचारलं, तर आमचा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा असल्याचं कळलं. रिक्षाच्या पॉलिसीत मालक-चालकाचा अपघात विमा आहे, पण तो माणूस गेला किंवा पाय कायमचा गेला तरच मिळतो. डॉक्टर म्हणतात, पाय वाचेल, फक्त आणखी एक ऑपरेशन लागेल. आईने तेवढ्यावर नारळ फोडला. ऑपरेशनचं कसं करायचं, या काळजीने मला धड आनंदही होईना. गल्लीतल्या संयोगिता वकीलबाईंनी शेवटी समजावलं की दादाला भरपाई मिळायची ती तुमच्या गाडीच्या थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीसाठी असलेल्या, विम्यातून, मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावून. पण पोलिसांच्या कागदावर दुसरी गाडीच नाही. तिथे कुत्रं आहे. आणि कुत्र्यांना थर्ड पार्टी विमा अजून सक्तीचा झालेला नाही.

हे मी घरात मांडलं, तर आई म्हणते, नात्यात कोर्टकचेरी नको. डांबरावर पडल्या पडल्या निघालेलं नातं, आणि त्याच्यापुढे पोटच्या पोराचा पाय स्वस्त! त्यात परवा गुंडू घरी आला, कुत्र्याला घेऊनच. लोक टायरमध्ये हवा भरता भरता त्याच्या कुत्र्याला रिक्षा पाडणारं म्हणतात, हे त्याला सोसत नाही. त्याचं कुत्रं अपघाताच्या वेळी दुकानात पोत्यावर झोपलं होतं. कुत्र्याने दादाच्या पायाचं बँडेज हुंगलं आणि त्याचा हात चाटला. दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. या सगळ्या प्रकरणात खरं काय ते लिहिलं जावं, असं मनापासून वाटणारा गुंडू हा एकटाच माणूस मला भेटला, आणि तोही कुत्र्यासाठी.

असो. माझं काही मागणं नाही. मन मोकळं करायचं होतं, ते केलं. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर क्षमा असावी. मामींना नमस्कार.

आपली (निघाली आहे म्हणून) भाची,
क्रांती

ता. क. : मागणं नाही असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. दादा पुरवणी जबाब द्यायला तयार झाला आहे. तुम्हीही रविवारी येऊन, गाडी तुमची होती आणि उलट्या बाजूने येत होती, एवढं पोलीस ठाण्यात सांगावं. येताना पॉलिसीची प्रत आणावी. पैसे विमा कंपनी देते, तुम्ही नाही. आणि थर्ड पार्टी दाव्याने नो क्लेम बोनस जात नाही, हे वकीलबाईंकडून मी दोनदा विचारून घेतलं आहे. म्हणजे दादाचा पाय आपण जाणारच नसलेल्या बोनससाठी अडवून ठेवला होता.

आणखी ता. क. : गुंडूच्या दुकानावर कॅमेरा आहे. त्यात पोत्यावर झोपलेलं कुत्रं दिसतं आणि मागे रस्त्यावर तुमची गाडी दिसते, नंबरासकट. तो सोमवारी ठाण्यात जाणार आहे. तुम्ही रविवारी आलात तर आपण आपणहून गेलो असं होईल. म्हणून घाई.

शेवटचा ता. क. : पत्र तुमच्या गारगोटीच्या एसटीत द्यायला निघाले, तर गुंडू दारावरूनच ठाण्याकडे चालला होता. स्कूटरवर पुढे कुत्रं उभं. दादाने खिडकीतून सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं. गुंडू म्हणाला, "तुझा मामा तू संबाळ, माझं कुत्रं मी संबाळतो."

तेव्हा मामा, आता रविवारची वाट बघू नका. घरीही येऊ नका. थेट ठाण्यातच या.