चंदेरी मासोळ्यांचा डबा

डोंबिवली, २५ ऑक्टोबर २०२५

ती. नंदाआत्यास,
संदेशचा शि. सा. न. वि. वि.

फोन भिंतीवर आपटला, म्हणून पत्र. मारुतीकाका कल्याणला येतात, त्यांच्याकडे देतोय. पाकीट चारी बाजूंनी खळीने चिकटवलंय. फाटलेलं दिसलं तर कळव. माझा कोणावर विश्वास नाही.

रुखवताच्या कामातून उरलेला चंदेरी मासोळ्यांचा जांभळा कागद तू मला दिलेलास ना? मी त्याच्या पट्ट्या कापून चटईसारख्या विणल्या, कातरणांचं कमळ केलं आणि त्यात प्राप्तीच्या वाढदिवसाचे झुमके बांधले. टेप नाही, दोरा नाही, नुसती खळी. डबा तिच्या भावाच्या हाती पाठवायचा होता, तो मध्येच उघडून बघेल म्हणून एकही फट ठेवली नाही.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडच्या पोरापोरींच्या गर्दीत गेलेलो, फक्त तिचे कान बघायला. कानात जुनीच सोन्याची कुडी! मी तोंड फिरवलं. आणि पाडव्याला दिपेश तिच्या फाटकातून बाहेर पडत होता, हातात डबा, त्यावर तोच मासोळ्यांचा कागद! आपल्याकडे बायका कागद सोडवून गादीखाली ठेवतात, मला काय माहीत नाही? माझ्या कागदात तिने त्याला भेट दिली, साला. मी डबा हिसकावला, कागद फाटला, पेढे रस्त्यावर. आता तूच सांग, माझं काय चुकलं?

भाचा डोकं फिरलेला असला तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा संदेश

कल्याण, २८ ऑक्टोबर

चि. संदेश यास,
अ. उ. आ.

पाकीट कात्रीने कापावं लागलं, तेव्हा मारुतीभाऊ निर्दोष आहेत.

अरे शहाण्या, तो कागद दिपेशला मी दिला. त्याच्या बहिणीचं, कल्पिताचं, लग्न आहे. तिचं रुखवत माझ्याकडे आहे, आणि आमंत्रणाच्या पेढ्यांचे डबे मीच बांधले. प्राप्ती कल्पिताची मैत्रीण, मग तिच्याकडे आमंत्रण जाणारच. त्याच्या हातातला डबा पुढच्या घरचा होता. तू त्या पोराचे पेढे सांडलेस. जा आणि माफी माग. कॉलेज अर्धवट सोडलंस तेव्हा तुझ्या बाबांची समजूत मी घातली, पण या गोष्टीत मी तुझी वकील नाही.

जेवत जा, आणि आत्याची आठवण ठेव.
नंदाआत्या

डोंबिवली, १ नोव्हेंबर

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

डब्याचं मानलं. पण कानांचं काय? आणि दिपेशची तुला एवढी माया कधीपासून? त्यानेच तुला काही सांगितलंय का? विठ्ठलवाडीच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या भेटी पॅक करतो, प्रत्येक डब्यात तेच झुमके दिसतात. तिला नको असतील तर परत द्यावेत. माफीबिफी मी मागणार नाही.

रागावलीस तरी विसरू नकोस.
संदेश

कल्याण, १० नोव्हेंबर

चि. संदेश यास, अ. उ. आ.

काल कल्पिता एका मैत्रिणीला घेऊन रुखवताला हातभार लावायला आली. मैत्रिणीने माझ्या टोपलीत मासोळ्यांची कातरणं बघितली आणि पिशवीतून एक डबा काढला. काकू, हा उघडतात कुठून, असं विचारलं. डबा इतक्यांदा उलटसुलट केलेला की कोपरे पार मऊ झालेत.

त्यांच्या घरी भेटीचा कागद फाडणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. तिची आई नखाने टेप सोडवते. इथे टेपच नाही! पोरीने किटलीची वाफ दिली, एका मासोळीचा रंग पसरला, तर घाबरून थांबली. तेव्हापासून डबा कपाटात, साड्यांच्या घडीत. आमंत्रणाच्या डब्यावर तोच कागद दिसला म्हणून काल सोबत आणलेला. फडके रोडवर तू तोंड फिरवलंस, तेव्हा तिला वाटलं, आभारही मानले नाहीत म्हणून तू चिडलास. तुला काय झालंय असं मला विचारत होती. जन्मापासूनच आहे, म्हटलं.

एक कोपरा बिनखळीचा ठेवायचा, हे मी तुला शिकवलेलं. चोराच्या धास्तीने तू दाराला कुलूप लावलंस आणि मालकिणीलाच बाहेर ठेवलंस. सुरीने मी उघडू शकले असते, पण नाही उघडला. रविवारी लग्नाला ती डबा आणणार आहे. हॉलच्या दारात मात्र दिपेश उभा असेल. आधी तो, मग ती.

आशीर्वाद आहेतच, अक्कल तेवढी तुझी तू आण.
नंदाआत्या

डोंबिवली, १७ नोव्हेंबर

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

हॉलच्या दाराशी दोनदा जाऊन परत फिरलो. तिसऱ्यांदा दिपेशनेच हाक मारली. मी माफी मागितली. तो म्हणाला, सांडलेस तेवढे आता वाट, आणि पेढ्यांचं ताट माझ्या हातात दिलं. अख्ख्या हॉलला वाटले, मुलाकडच्या विहीणबाईंनासुद्धा, ज्यांनी तीन उचलले.

मग जिन्याखाली प्राप्ती डबा घेऊन आली. मी फाडायला गेलो तर हात धरला, रंग पसरलेली मासोळी तिला अख्खी हवी होती. तेवढी सोडून मी माझंच विणकाम टराटरा फाडलं. झुमके दिसताच तिने कानातली कुडी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि आरसा शोधायला निघून गेली. तिच्या आईची सोन्याची कुडी, आत्या! मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी मूठ आवळून तिथेच उभा. कोणी पाणी विचारलं तरी हात उघडेना.

परत आली तेव्हा झुमके हलत होते.

उरलेला कागद असेल तर मारुतीकाकांकडे दे. हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. वाटेत त्यांनी वाचलं तर वाचू दे.

तुझाच, लोभाचा हक्कदार,
संदेश